हिमालयाचे उपासक निकोलस रोरिक

चित्रकार व लेखक निकोलस रोरिक यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७४ रोजी रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. इझ्वारा या कौटुंबिक वसतीभोवतालच्या अरण्यांनी व सरोवरांनी त्यांच्या बालमनावर निसर्गाचा संस्कार केला. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. पण त्याच काळात कला अकादमीतील चित्रसाधनाही सोडली नाही.

१९२३ मध्ये ते सहकुटुंब भारतात आले आणि हिमालय त्यांच्या कलेचा प्राण झाला. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी मध्य आशियाचा खडतर प्रवास केला. १९२७-२८ च्या हिवाळ्यात तिबेटच्या पठारावर त्यांचा तांडा सुमारे पाच महिने अडवून ठेवण्यात आला. त्या जीवघेण्या थंडीत काही सोबती व बहुतेक जनावरे दगावली. ज्या हिमाने एवढी किंमत वसूल केली, त्याच हिमाची निळी-जांभळी शांतता ते पुढे आयुष्यभर रंगवीत राहिले. या प्रवासाची दैनंदिनी ‘अल्ताई-हिमालय’ या ग्रंथरूपाने १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली.

कुलू खोऱ्यातील नग्गर येथे ते स्थायिक झाले. युद्धकाळातही मंदिरे, ग्रंथालये व कलासंग्रह सुरक्षित राहावेत, हा ध्यास त्यांनी घेतला. त्यातूनच १५ एप्रिल १९३५ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिका खंडातील २१ राष्ट्रांनी ‘रोरिक करारा’वर स्वाक्षऱ्या केल्या.

१३ डिसेंबर १९४७ रोजी नग्गर येथेच त्यांनी देह ठेवला. सौंदर्य पाहणाऱ्याने त्याच्या रक्षणाचा भारही उचलावा, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.