तारेवाचून इशारा

तळवड्यातील एखाद्या घरी आज दूरचित्रवाणी संच सुरू होताच खोलीतील दिवे आपोआप मंद होतात. संच दिव्यांना इशारा देतो. दोहोंमध्ये तार मात्र नसते. हा इशारा अदृश्य विद्युतलहरी नेतात. त्यांच्याकडून दूरची कामे करवून घेता येतात, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात दाखविले.

जगदीशचंद्रांचा जन्म १८५८ साली बंगालमध्ये झाला. इंग्लंडमधील शिक्षण संपवून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे हिंदी प्राध्यापकाला इंग्रजाहून कमी वेतन मिळे. हा भेद त्यांना मान्य नव्हता. तीन वर्षे त्यांनी मन लावून शिकविले, पण वेतनाला हात लावला नाही. वडिलांवर कर्ज असताना हे सोपे नव्हते! अखेर सरकार नमले आणि मागचे सारे वेतन त्यांना मिळाले.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे न्हाणीघरालगतची चिंचोळी जागा. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणे घडविली. मग नगरभवनात प्रयोग झाला. लहरी भिंती भेदून सुमारे ७५ फुटांवरील खोलीत पोचल्या. तेथील ग्राहक यंत्राने त्या टिपल्या आणि त्यासरशी घंटा वाजली, पिस्तूल उडाले, दारूचा स्फोट झाला.

शोधावर पैसा मिळविणे त्यांना रुचत नसे. मित्रांच्या आग्रहामुळे १९०४ साली अमेरिकेत एक पेटंट मिळाले. तेही त्यांनी पुढे चालू ठेवले नाही. तोवर ते वनस्पतींच्या संवेदनांच्या अभ्यासात रमले होते.