राजा दीनदयाळ : दगड आणि पाणी टिपणारा छायाचित्रकार

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानातील राजवाडे, कबरी, तलाव आणि माणसे सव्वाशे वर्षांपूर्वी कशी दिसत होती, हे आज आपण पाहू शकतो. याचे मोठे श्रेय राजा दीनदयाळ या थोर छायाचित्रकाराला द्यावे लागेल.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून १८६६ मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात लागले. नकाशे काढणे आणि खर्चाचे अंदाज बांधणे हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. सर हेन्री डेली या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना उत्तेजन दिले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्यांनी मध्य भारतातील प्राचीन वास्तू टिपल्या. अखेर नोकरी सोडून त्यांनी कलेलाच वाहून घेतले.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि राजा हा किताब दिला. सिकंदराबाद, इंदूर आणि १८९६ पासून मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते.

त्या काळी हे काम कष्टाचे होते. भलामोठा लाकडी कॅमेरा, तिवई आणि जड काचेच्या प्लेटा बैलगाडीच्या वाटेने न्याव्या लागत. एक धक्का बसला की प्लेट फुटे आणि सारी मेहनत वाया जाई. तरीही गोवळकोंड्याजवळचे कुतुबशाही सुलतानांचे मकबरे आणि सोळाव्या शतकातला हुसेनसागर तलाव त्यांनी टिपला. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, त्यांनी पाणचक्कीचे छायाचित्र घेतले. तेथे बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे आणि दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून येऊन चक्की फिरवीत असे. मृत्यूची शांतता आणि वाहते पाणी एकाच अंगणात! अभियंत्याच्या नजरेला भिंतीचा तोल कळतो, पाण्याची वाटही कळते. त्यांच्या छायाचित्रांत ही नजर पदोपदी जाणवते.

परंतु त्यांनी केवळ दरबाराचे वैभवच दाखविले असे म्हणता येणार नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातील हाडांचे सापळे झालेली माणसेही त्यांच्या कॅमेऱ्याने टिपली. ती आपल्याच मराठवाड्याची माणसे होती. राजांची नावे छायाचित्राखाली लिहिलेली सापडतात; या माणसांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. हे पाहून मन विषण्ण होते.

१९०५ साली दीनदयाळ निवर्तले. त्यांच्या दोन हजार आठशेहून अधिक काचेच्या प्लेटा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझ्या पणजोबांचे एकही छायाचित्र नाही. शेताच्या बांधावर त्यांच्या नावाचा एक शेंदरी दगड आहे, तोही दरवर्षी थोडा मातीत जातो. गेल्या दिवाळीत मी मोबाईलवर त्याचे छायाचित्र काढले तेव्हा आजी म्हणाली की दगडाचा कसला फोटो काढतेस. मला उत्तर देता आले नाही. आज मात्र देता येईल.

चारठाण्याची बारव, गंगाखेडचा गोदाकाठ, गावोगावच्या समाध्या आणि कबरी आपल्या जवळच आहेत. दीनदयाळांना बैलगाडी लागली. आपल्या खिशात कॅमेरा आहे. मित्रमैत्रिणींनो, येत्या सुट्टीत आपापल्या गावची एक बारव किंवा एक समाधी टिपून आणू या. मात्र छायाचित्राखाली गावाचे नाव, तारीख आणि तेथे विसावलेल्या माणसाचे नाव आठवणीने लिहू या.