मूठभर धान्याचं गणित

दान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठ्या रकमेचा चेक, हार-तुरे, फोटो आणि इमारतीच्या दारात संगमरवरावर कोरलेलं नाव. आपण तर अजून विद्यार्थी. महिन्याच्या वीस तारखेलाच खिसा रिकामा होतो आणि उरलेले दहा दिवस वडापाव आणि उधारीवर निघतात. आपण कोणाला काय देणार? आधी डिग्री हातात पडू दे, नोकरी लागू दे, मग बघू, असं आपण सगळेच म्हणतो.

या मग बघू म्हणण्यावर ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी साधं-सोपं उत्तर शोधलं, ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. नाव सगळ्यांच्या ओळखीचं. कितीतरी चौकांना, शाळांना, कॉलेजांना त्यांचं नाव आहे. पांढऱ्याशुभ्र दाढीचा त्यांचा पुतळाही आपण पाहिलेला असतो. पण पुतळ्याच्या पलीकडचा माणूस आपल्याला किती माहीत असतो? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर अख्खा धडा होता आणि कर्मवीर एका परिच्छेदात आटोपले होते. म्हणूनच या वेळी मॅगझिनसाठी लिहायचं ठरलं तेव्हा हाच विषय घेतला. शिवाय आपण हॉस्टेलवाले, आणि भाऊरावांचं सगळं आयुष्य म्हणजे एका अर्थाने हॉस्टेलचीच गोष्ट आहे.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावी, एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते. लहानपणापासून भाऊराव अंगापिंडाने दणकट आणि स्वभावाने बंडखोर. दलितांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून या पोराने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असं त्यांच्या चरित्रात येतं. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये राहिले. त्या काळात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं निघत होती. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी साफ नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. म्हणजे ज्या माणसाने पुढे हजारो मुलांना हॉस्टेलमध्ये जागा दिली, त्याला स्वतःला एका हॉस्टेलमधून बाहेर पडावं लागलं होतं! त्यांना आसरा दिला तो शाहू महाराजांनी.

अभ्यासात मात्र त्यांची गाडी काही पुढे सरकेना. इंग्रजी सहावीपर्यंत शिक्षण झालं आणि तिथेच थांबलं. पुढे साताऱ्यात ते शिकवण्या घेऊ लागले. नंतरचं त्यांचं काम आपल्या मेकॅनिकलवाल्यांच्या खास आवडीचं आहे. ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे फिरते विक्रेते झाले. तेव्हा शेतकरी लाकडी नांगर वापरत. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी भीती पुष्कळ ठिकाणी होती. ती भीती घालवत, गावोगाव फिरून भाऊरावांनी नांगर खपवले. पुढे साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. म्हणजे नोकरी चांगली होती, घरात दोन पैसे येत होते, पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावर सोनं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर माणूस सेटल झाला होता.

पण नांगर विकता विकता त्यांना खेडं दिसलं. नांगर बदलला तरी शेतकऱ्याचं नशीब बदलत नव्हतं, कारण सावकाराने कागदावर काय लिहिलंय हे त्याला वाचताच येत नव्हतं. मुलं हुशार, पण शाळा दूर, आणि शहरात शिकायला ठेवायचं तर खायचं काय हा प्रश्न. फी हा फार पुढचा मुद्दा होता. खरी अडचण दोन वेळच्या भाकरीची होती. हे भाऊरावांनी अचूक ओळखलं. 4 ऑक्टोबर 1919 रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे नोकरी-धंदा सोडून ते पूर्णवेळ याच कामाला लागले. 1924 साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केलं. त्यात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली राहायची आणि एका पंक्तीत जेवायची. आज आपल्या मेसमध्ये कोण कोणाशेजारी बसतो हे आपण बघतही नाही, पण 1924 साली ही गोष्ट अनेकांच्या पचनी पडणारी नव्हती. 1927 साली महात्मा गांधी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आलं.

आता मुख्य प्रश्न. एवढ्या मुलांना खायला घालायचं कशातून? मोठे देणगीदार काही प्रमाणात होते, पण देणगी येते आणि संपते. भूक मात्र रोज दोनदा येते. इथेच भाऊरावांची मुष्टिफंडाची योजना कामी आली. घरातल्या बाईने रोज दळायला किंवा रांधायला धान्य घेताना त्यातलं मूठभर बाजूला एका मडक्यात टाकायचं. ठरलेल्या दिवशी मुलं झोळी घेऊन दारात येणार आणि ते घेऊन जाणार. बस्स! पावती नाही, पाटी नाही, भाषण नाही.

मी इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी असल्यामुळे याचं गणित मांडल्याशिवाय मला राहवलं नाही. हे आकडे माझे, अंदाजाचे आहेत. एक मूठ ज्वारी साधारण 50 ग्रॅम धरू. एका घरातून महिन्याला दीड किलो. त्या घराला ती कमी झाल्याचं कळणारही नाही. पण अशी 100 घरं असली की दिवसाला 5 किलो आणि महिन्याला 150 किलो धान्य जमतं. अंगमेहनत करणाऱ्या वाढत्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागतं असं धरलं, तर 100 घरांच्या फक्त एकेका मुठीवर 10 मुलं वर्षभर जेवू शकतात. त्यातली 5 घरं एखाद्या दिवशी विसरली तरी कोणी उपाशी राहत नाही, कारण भार वाटला गेलेला आहे. आपण स्ट्रक्चर्समध्ये शिकतो ना, सगळा लोड एकाच खांबावर टाकायचा नसतो. तेच हे!

आणि सगळा लोड एकाच खांबावर आला तर काय होतं, हेही याच गोष्टीत आहे. तो खांब म्हणजे लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाई सुखवस्तू घरातल्या. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या वातावरणात वाढलेल्या. पण नवऱ्याने घरी आणलेली सगळ्या जातींची मुलं त्यांनी आपली मानली. त्यांना स्वतःच्या हाताने रांधून वाढलं, आजारपणात उशाशी बसल्या. बोर्डिंगला पैसे कमी पडू लागले तसे अंगावरचे दागिने एकेक करून गेले. शेवटी एकदा भाऊराव गावाला गेलेले असताना कोठीतलं धान्य संपलं. मुलं जेवायची थांबलेली. उसनं कोणाकडे मागणार? लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि त्या पैशांतून चूल पेटली. त्या काळात सवाष्ण बाईने मंगळसूत्र काढणं म्हणजे काय, हे आपल्या आजीला विचारून बघा. 30 मार्च 1930 रोजी लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचा पुढचा विस्तार बघायला त्या राहिल्या नाहीत. रयतमध्ये आजही त्यांना रयत माउली म्हणतात.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी त्यागाचा कळस म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण ती वाचताना माझ्या मनात वेगळाच विचार येत राहिला. त्या दिवशी साताऱ्यात आणि आसपासच्या खेड्यांत आणखी थोड्या घरांनी मूठभर धान्य काढून ठेवलं असतं, तर? मंगळसूत्र वाचलं असतं. आपल्याला एका माणसाने सर्वस्व दिलेलं फार आवडतं. आपण टाळ्या वाजवतो, डोळे पुसतो आणि आपापल्या रूमवर जातो. पण एकाला सर्वस्व द्यावं लागतं, ते बऱ्याचदा बाकीच्यांनी थोडंही दिलेलं नसतं म्हणून. मुष्टिफंडाचा खरा अर्थ मला तरी असा वाटतो, की कोणावरही मंगळसूत्र विकायची वेळ येऊ नये म्हणून सगळ्यांनी रोज थोडं थोडं द्यायचं.

भाऊरावांच्या कामात आणखी एक गोष्ट महत्त्वाची. घेणाऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही. बोर्डिंगमधली मुलं नुसती बसून खात नव्हती. दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम, सगळं तीच करत. 1940 साली साताऱ्यात सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये कमवा आणि शिका ही योजना राबवली गेली. मुलांनी श्रम करायचे आणि त्यावर शिकायचं. संस्थेच्या कितीतरी इमारतींना विद्यार्थ्यांच्या हाताचे घट्टे लागलेले आहेत. त्यामुळे त्या मुलांना आपण भीक घेतोय असं कधी वाटलं नाही. उलट शिकून झाल्यावर त्यांतले अनेकजण संस्थेचे आजीव सेवक झाले आणि कमी पगारात खेड्यापाड्यांत जाऊन शिकवू लागले. बोर्डिंगचेच विद्यार्थी असलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. घेतलेली मूठ अशी पोत्याने परत आली.

1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. त्याबद्दलची एक आठवण सांगतात. एका श्रीमंत गृहस्थाने मोठी देणगी देऊ केली, अट एवढीच की कॉलेजला महाराजांऐवजी त्याने सांगितलेलं नाव द्यायचं. भाऊरावांनी ती देणगी ताडकन नाकारली. पैशांची गरज नव्हती असं नाही, गरज कायमच होती. पण अटी घालून येणारं लाखाचं दान नाकारणारा हा माणूस झोपडीतल्या म्हातारीची मूठभर ज्वारी मात्र आनंदाने घ्यायचा. कारण त्या मुठीवर कोणाचंच नाव नसतं!

पुढे शाळांची संख्या वाढत गेली. 1954 साली कराडला कॉलेज निघालं, त्याला भाऊरावांनी गाडगे महाराजांचं नाव दिलं. लोक आता त्यांना कर्मवीर म्हणू लागले होते, मुलांसाठी मात्र ते अण्णाच होते. 1959 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेला माणूस डॉक्टर झाला. (बॅकलॉगवाल्यांनी धीर सोडू नये, पण याचा गैरअर्थही काढू नये!) त्याच वर्षी 9 मे रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वडाचं झाड हे संस्थेचं बोधचिन्ह आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि त्यांचेच खांब होतात. आज रयतच्या शेकडो शाखा आहेत, साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचं इंजिनीअरिंग कॉलेजसुद्धा आहे.

मित्रांनो, आता आपल्या हॉस्टेलकडे वळू. आपल्याकडे मडकं नाही, ज्वारी नाही. मग आपली मूठ कोणती? विचार केला तर पुष्कळ सापडतात. सेकंड इयरला गेल्यावर कपाटावर धूळ खात पडलेला ड्राफ्टर आणि लॅब कोट ही एक मूठ आहे. ज्याला एम-थ्री येतं त्याचा रात्रीचा अर्धा तास ही एक मूठ. ताप आलेल्या रूममेटसाठी मेसमधून आणलेला डबा, रक्तदान शिबिरात दिलेली पंधरा मिनिटं, पानात टाकून न दिलेली पोळी आणि मेसच्या काकांशी नीट नावाने हाक मारून बोललेले दोन शब्द, हेसुद्धा त्यातच येतं. यातल्या कशालाही पॅकेज लागत नाही.

माझ्या पुरतं बोलायचं तर माझी मूठ इंग्लिशची आहे. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुली विषयात माझ्यापेक्षा पक्क्या असतात, पण व्हायवाला एक्स्टर्नलसमोर त्यांची बोबडी वळते. आमच्या विंगमध्ये रात्री जेवणानंतर आम्ही चार-पाचजणी बसतो आणि एकमेकींचा खोटा खोटा व्हायवा घेतो. मी त्यांना इंग्लिश वाक्यं जुळवून देते. आणि त्या? या लेखातले सगळे ऱ्हस्व-दीर्घ त्यांनीच तपासलेत. एकूण हिशेब बघता फायद्यात मीच आहे.

तेव्हा नोकरी लागल्यावर मोठं दान जरूर करू या. पण तोपर्यंत वाट कशाला बघायची? आज रात्रीच बघा, आपल्या मुठीत काय आहे ते. आणि शेजारच्या रूमचं दार वाजवा.