न्यूटन आणि पांढरा रंग

१६६५ साली प्लेगमुळे केंब्रिजचे विद्यापीठ बंद पडले व तरुण आयझॅक न्यूटन आपल्या वुल्सथॉर्प गावी परतला. पांढरा प्रकाश मुळात शुद्ध असून काचेमुळे त्यात रंग उपजतात, असा तेव्हा विद्वानांचा समज होता. न्यूटनने अंधाऱ्या खोलीत सूर्यकिरण लोलकावर घेतला. भिंतीवर रंगांचा पट्टा उमटला. त्यातील एकच रंग दुसऱ्या लोलकातून नेला, तो मुळीच पालटला नाही. सारे रंग भिंगाने एकत्र आणताच मात्र पुन्हा पांढरा प्रकाश! म्हणजे पांढरा हा निराळा रंग नसून सर्व रंगांचा मेळ होय; काळी वस्तू तर प्रकाश शोषून घेते. १६७२ साली हे प्रसिद्ध होताच रॉबर्ट हूकने कडाडून विरोध केला. न्यूटन मोठा मानी. प्रकाशावरील आपला ग्रंथ त्याने हूकच्या मृत्यूनंतर, १७०४ साली छापला.