भिंतीसमोरच्या गल्लीचा फोटोवाला : फेलिक्स बोंफिस

बैतुल मुकद्दसच्या जुन्या फोटोंत एक हमखास दिसतो. अरुंद गल्ली, थोरल्या दगडांची उंच भिंत, दगडांच्या फटीत उगवलेलं गवत आणि भिंतीशी उभे यहुदी पुरुष-बाया. त्याखाली बोंफिस हे नाव असतं. या नावामागचा माणूस वाचकांना माहीत असावा, असं आम्हाला वाटतं.

फेलिक्स बोंफिस यांचा जन्म १८३१ चा, दक्षिण फ्रान्समधला. धंदा पुस्तकबांधणीचा. १८६० मध्ये लेबनॉनमधल्या कत्तलींनंतर फ्रान्सने फौज पाठवली, तिच्याबरोबर ते गेले. परतल्यावर फोटोचं तंत्र शिकले. मुलगा आद्रियां आजारी पडला तेव्हा पत्नी लिदी त्याला हवापालटासाठी लेबनॉनला घेऊन गेल्या होत्या. १८६७ मध्ये सगळं कुटुंबच बैरूतला आलं आणि स्टुडिओ थाटला.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे अंगमेहनत. काचेला रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा, लगेच अंधारात धुवायचा. छापायच्या कागदाला अंड्याचा पांढरा बलक. लिदींना पुढे अंड्याचा वासही नकोसा झाला होता, असं सांगतात. तरी १८७१ पर्यंत बोंफिस यांच्याकडे ५९१ निगेटिव्ह आणि १५,००० छापील फोटो जमले होते. गिऱ्हाईक म्हणजे युरोप-अमेरिकेचे यात्रेकरू. त्यांना हवा तसा पूर्वेचा देखावा मिळावा म्हणून बोंफिस माणसं ठरवून उभी करत, हेही खरं. त्यामुळे त्यांचा प्रत्येक फोटो जसाच्या तसा पुरावा मानू नये.

पण भिंतीच्या फोटोचं तसं नाही. माणसं उभी केली असतील, गल्ली तर उभी केलेली नाही ना! यहुदींसाठी ही भिंत त्यांच्या प्राचीन हैकलच्या आवाराची उरलेली खूण. आपल्यासाठी ती हरम शरीफची पश्चिम भिंत, अल-बुराक. मेराजच्या रात्री प्यारे नबी (स.) यांनी बुराक इथेच बांधला, अशी श्रद्धा आहे. समोरचा मगरिबी मोहल्ला सलाहुद्दीन अय्युबींचे पुत्र अल-अफजल यांनी ११९३ मध्ये वक्फ केलेला. वक्फच्या त्या गल्लीत यहुदी येऊन दुआ मागत. फोटोत बाया आणि पुरुष एकाच गल्लीत दिसतात, मधे पडदा नाही. १९२८ मध्ये तसा पडदा लावला गेला, त्यावरून तंटा पेटला आणि पुढल्या वर्षी रक्त सांडलं.

जून १९६७ मध्ये इस्रायलने तो मोहल्ला पाडला. सुमारे १३५ घरं गेली. आज तिथे मोकळं पटांगण आहे. मगरिबी घराण्यांच्या नातवंडांना आपली गल्ली बघायची तर अशाच फोटोंत बघावी लागते. यहुदींनाही आजे-पणजे तिथे कसे उभे राहत ते त्यातच दिसतं.

बोंफिस १८८५ मध्ये फ्रान्समध्ये वारले. स्टुडिओ लिदी आणि आद्रियां यांनी चालवला. शिक्का एकच असल्याने कोणता फोटो कुणाच्या हातचा, हे बऱ्याचदा कळत नाही. लिदींचं श्रेय त्यातच बुडालं, याची आम्हाला खंत वाटते. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, त्यांना बैरूत सोडावं लागलं आणि दोन वर्षांनी त्यांचा इंतकाल झाला. अमेरिकेत हार्वर्डच्या एका संग्रहालयात बोंफिसच्या फोटोंच्या पेट्या माळ्यावर विसरून पडल्या होत्या. १९७० मध्ये त्या इमारतीत बॉम्ब फुटला, तेव्हा त्या पुन्हा हाती लागल्या.