केडगावची पंडिता

आमच्या निमोण्याहून भीमा ओलांडून गेले की दौंड तालुक्यातील केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशनचे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे चरित्र मात्र कॉलेजात आल्यावर वाचले.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले. दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले. भावाबरोबर पायी देश हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. विसाव्या वर्षी विद्वानांच्या सभेने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एवढा मान पुरुषांनाही क्वचितच मिळे.

१८८२ मध्ये वैधव्य आले. पुढल्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि कौतुक करणारे अनेक जण दुरावले. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. पुढे ते पुण्यास आले. काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्याचे पाहून १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. टीकेची झोड उठली; पण सदन बंद पडले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. भूक त्यांनी भोगली होती. केडगावच्या माळावर या मुलींसाठी ‘मुक्ती’ उभे राहिले. तेथे मुली लिहिणे-वाचणे, विणकाम, छपाई शिकल्या. अंध मुलींचीही सोय झाली.

मला सर्वांत मोठे वाटते ते त्यांचे शेवटचे काम. नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईलाही बायबल समजावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत त्याचे भाषांतर केले. सभा जिंकणारी संस्कृत विद्या बाजूला ठेवून ही विदुषी वर्षानुवर्षे साधे शब्द शोधत बसली. खिळे जुळविण्याचे व छापण्याचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले, तेव्हाही त्या याच कामात गढल्या होत्या. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला १९२४ मध्ये.

गुरू असूनही ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, या कथेचा अर्थ मला केडगावात उमगतो. उद्या पदवी हाती घेऊन आपण बाहेर पडू. आपल्या विद्येतले किती शब्द आपल्या गावातील निरक्षर बाईपर्यंत पोहोचतील, हा प्रश्न रमाबाईंनी माझ्यापुढे ठेवला आहे.