नाव नसलेले मतदार आणि सुकुमार सेन

निवडणूक आयोग म्हटलं की आपल्या पिढीला शेषन आठवतात. मला मात्र सुकुमार सेन जास्त जवळचे वाटतात. ते मूळचे गणितवाले, म्हणूनही असेल. जन्म 1898 चा. कोलकात्याचं प्रेसिडेन्सी कॉलेज, मग लंडनला गणितात सुवर्णपदक, पुढे आयसीएस, पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. मार्च 1950 मध्ये ते देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले.

राज्यांच्या निवडणुकाही त्यांच्याकडेच होत्या. घटनेच्या आधीच्या मसुद्यात प्रत्येक राज्याला वेगळा आयोग होता. पण काही प्रांतांत परभाषिकांची नावं यादीतून वगळली जातायत, अशा तक्रारी आल्या. तेव्हा जून 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांनी ते कलमच बदललं आणि विधानसभाही केंद्रीय आयोगाकडे आल्या. परमुलखात राहणाऱ्या आपल्याला यातलं मर्म वेगळं सांगायला नको. मी राहतो त्या ओहायोत तर निवडणुकांचा मुख्य अधिकारी स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो!

नेहरूंना 1951 च्या सुरुवातीलाच निवडणूक उरकायची होती. सेन घाईला बधले नाहीत. सुमारे साडेसतरा कोटी मतदार, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह आणि त्या चिन्हाची वेगळी पेटी. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नाही, नुसती आपल्या पेटीत टाकायची. त्यात लोकसभा आणि विधानसभा एकदमच, म्हणजे पेट्या किती लागल्या असतील बघा. त्यातल्या लाखो पेट्या आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात बनल्या.

खरा पेच यादीचा होता. उत्तरेतल्या कितीतरी बायकांनी परक्या माणसाला नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच नोंद. माझ्या धंद्यात अशी नोंद कुठेच जुळत नाही; एका गावात तसल्या दहा निघतील. सेननी नावं पुन्हा विचारायला लावली. तरीही न मिळालेली सुमारे 28 लाख नावं त्यांनी यादीतून काढली. नियमाने ते बरोबरच होतं, पण मला तो निर्णय आजही टोचतो. एवढ्या बायकांचं पहिलं मत गेलं ते गेलंच. दुसरीकडे, बेनामी नोंद ठेवली असती तर त्या नावावर कोणीही मत टाकून गेलं असतं, हेही खरं.

1953 मध्ये सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी आयोग नेमला गेला. त्यात सुदानी, ब्रिटिश, इजिप्शियन आणि अमेरिकन सदस्य होते. ब्रिटन आणि इजिप्त, दोघांचाही त्या देशावर डोळा, त्यामुळे अध्यक्ष तिसराच हवा होता. ते काम सेनना मिळालं. निवडणूक पार पडली आणि 1956 च्या पहिल्या दिवशी सुदान स्वतंत्र झाला.

1957 च्या दुसऱ्या निवडणुकीत त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्याच पेट्या वापरल्या आणि कोट्यवधी रुपये वाचवले. डिसेंबर 1958 मध्ये ते निवृत्त झाले, नंतर बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, 1963 मध्ये गेले. आत्मचरित्र त्यांनी लिहिलं नाही. मागे राहिला तो पहिल्या निवडणुकीचा सरकारी अहवाल, आणि त्या 28 लाखांचा हिशेबही त्यातच आहे.